खुर्ची ओढून बसण्याचा हक्क

पनवेलमध्ये आता 'हॅपी अवर्स'च्या पाट्या लागलेल्या दिसतात. दुपारी चारपासून संध्याकाळी सात-आठपर्यंत एका ग्लासावर एक ग्लास फुकट, सोबत चखण्याच्या बशीत सूट. नाव गोंडस आहे, हिशेब मात्र साधा आहे. हॉटेलवाल्याचे भाडे, विजेचे बिल, आचाऱ्याचा पगार हे सर्व खुर्च्या रिकाम्या असल्या तरी चालूच असते. मग ज्या वेळेला गिऱ्हाईक येत नाही, त्या वेळेला ते ओढून आणायचे. आनंदाचे तास गिऱ्हाइकाचे नसतात, गल्ल्याचे असतात.

आता हे तास कोणाच्या वाट्याला येतात तेही पाहा. फोर्टातल्या कचेरीतून सहाला सुटलेला पनवेलकर हार्बरच्या गाडीत उभा राहतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पनवेलपर्यंत गाडीला सव्वा ते दीड तास लागतो. तो स्टेशनाबाहेर पडून रिक्षाच्या रांगेत लागेपर्यंत पाटीवरचा आनंद संपलेला असतो. ज्यांचा वेळ त्यांच्याच मालकीचा आहे, त्यांनाच स्वस्तात पिता येते. ज्याने दिवस विकला त्याने पूर्ण दराने प्यावे. अर्थशास्त्राचे एवढे सोपे धडे पुस्तकातही सापडायचे नाहीत!

काही समाजबांधव म्हणतील, हॉटेलात बसणे ही चैन आहे, आंबेडकरी दैनिकाने तिच्यावर शाई का खर्च करावी? आमचे म्हणणे उलट आहे. मित्रांबरोबर हॉटेलात शिरणे, खुर्ची ओढून बसणे, पोऱ्याला हाक मारून चहा मागवणे आणि तो इतरांच्याच कपात मिळणे, ही गोष्ट या देशात संविधानात लिहून घ्यावी लागली. कलम १५ मधील दुसरे उपकलम वाचकांनी काढून पाहावे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे येथे मज्जाव करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. आमच्या तरुण मुलांना आरक्षणाची कलमे तोंडपाठ असतात. हे हॉटेलाचे कलम मात्र फारसे कोणी सांगत नाही.

त्याचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या झाल्या. पण कोणत्या? ज्या सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून चालत होत्या त्या. महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे होते म्हणूनच त्या ठरावाचा आधार घेता आला. चहाच्या हॉटेलाचे तसे नव्हते. हॉटेलवाला म्हणणार, जागा माझी, कपबशी माझी, मी कोणाला पाजायचे ते मी ठरवीन. संविधानात हा आडोसाच काढून टाकला आहे. विहिरी, तलाव, रस्ते यांच्यासाठी सरकारी पैशाची किंवा सार्वजनिक वापराची अट आहे. दुकाने आणि हॉटेले यांच्यासाठी तशी अट नाही. खाजगी मालकीच्या दारातही समता उभी केली ती अशी. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात, ज्याचे १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव झाले, हॉटेलातली भांडी वापरू न देणे हासुद्धा गुन्हा ठरवला गेला. कायद्याला कपबशीपर्यंत खाली यावे लागले, यातच सर्व आले.

आणि हे कलम ज्यांच्या देखरेखीखाली लिहिले गेले, त्यांना हॉटेलाचा अनुभव नव्हता असे नाही. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा शहरात राहायला जागा मिळेना. पारशाच्या पथिकाश्रमात पारशी नाव लावून, रोजचा दीड रुपया देऊन त्यांनी काही दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढले. नोकरी महाराजांची, पदवी कोलंबियाची, पण रात्री पाठ टेकायला जागा नाही! बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे.

त्याच काळात कोल्हापुरात दुसरी गोष्ट घडली. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंद्याला पाठबळ दिले. गंगारामांनी चहाचे हॉटेल काढले, 'सत्यसुधारक'. महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी दारात थांबवून चहा मागवू लागले. सोबतच्या मंडळींनाही तो प्यावा लागे. दलित उद्योजकतेवर आज मोठमोठे परिसंवाद भरतात. त्यांची सुरुवात एका कप चहाने झाली होती हे व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते.

पनवेलचा या सगळ्याशी संबंध काय? रस्त्याचा आहे. मुंबईहून महाडला जाणारा गोवा महामार्ग पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर वळतो. दर २० मार्चला आणि २५ डिसेंबरला निळे झेंडे लावलेल्या गाड्या याच फाट्यावरून जातात. कोणी दत्त स्नॅक्सला मिसळ खातो, कोणी टपरीवर कटिंग घेतो, पोरे पियुषसाठी हट्ट धरतात. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेला प्यायचे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. तळ्यावरून परतलेली माणसे जेवत असताना सनातनी गुंडांनी मंडपात घुसून अन्न मातीत तुडवले होते. आज त्याच दिशेला जाणाऱ्या आजीबाई पळस्प्याला ऐटीत टेबलाशी बसून म्हणतात, "पोरा, पाणी थंड आण." आम्हाला विचाराल तर आनंदाचा तास हाच.

परंतु येथेच थांबून स्वतःची पाठ थोपटून घेणे बरे नव्हे. सहभोजनाने जात जात नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये बजावले होते. एकत्र जेवणाऱ्या जाती पुष्कळ आहेत, पण त्यामुळे त्यांची जातीय भावना मेलेली नाही, असा त्यांचा अनुभव होता. खरा उपाय त्यांनी आंतरजातीय विवाहात पाहिला. पनवेलच्या कोणत्याही हॉटेलात शनिवारी संध्याकाळी पाहा. एका टेबलावर आगरी, मराठा, बौद्ध, ब्राह्मण मित्र एकाच ताटातला तळलेला बोंबील तोडताना दिसतील. बिल आले की 'मी देतो, मी देतो' अशी झटापट होते. आणि त्याच टेबलावरच्या एखाद्याने लग्नाचा विषय काढला, की सगळे जण मोबाईलमध्ये डोके घालतात.

हॉटेलांच्या पाट्यांचेही असेच आहे. महाराष्ट्रभर फिरा. ब्राह्मणी पद्धतीचे भोजनगृह आहे, मराठा खानावळ आहे, आगरी-कोळी जेवण आहे, मालवणी आहे, सावजी आहे. जातीचे किंवा प्रांताचे नाव पाटीवर लावले की ते चवीचे प्रमाणपत्र होते. आता आमच्या घरातल्या जेवणाची पाटी कोठे पाहिली आहे का? चान्या, वजडी, रक्ती ही नावे लिहून कोणी दिव्यांची रोषणाई केली आहे? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले, तेव्हा कोठे मराठवाड्यातील महार-मांगांचे स्वयंपाकघर छापील पानावर आले. हॉटेलच्या पाटीवर ते अजून यायचे आहे. वजडी पनवेलच्या बारमध्येही मिळते, चवीने खाल्ली जाते, पण ती कोणाच्या घरातून आली हे मेन्यूकार्डावर नसते. पदार्थ चालतो, माणूस पाटीवर चालत नाही.

'शुद्ध शाकाहारी' या शब्दातला 'शुद्ध' आम्हाला नेहमी खुपतो. शाकाहारी म्हटले तर पुरेसे आहे. शुद्ध म्हटले की दुसरा आपोआप अशुद्ध ठरतो. २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात काही टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली आणि त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. आहाराची आवड समजू शकते. पण शेजारच्याच्या ताटामुळे माझे टेबल बाटते ही भावना आवडीची नसते. तिचा उगम महाडच्या तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतणाऱ्यांच्या डोक्यात आहे.

रायगडात मित्रांनी एकत्र बसून खाण्याची स्वतःची रीत आहे, ती पोपटीची. थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी दाबून पाला. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडके उपडे ठेवून वर पेंढा, पाचोळा, गवऱ्या रचून पेटवायचे. अर्धा-पाऊण तास शेकत गप्पा मारायच्या. झाली की नाही हे पाहायला मडक्यावर पाणी शिंपडतात, ते चर्रकन उडाले की पोपटी तयार. मग कागदावर ओतून सगळ्यांनी हात घालायचा. कोणाचा हात कोठे लागला हे अंधारात दिसत नाही, आणि दिसू नये हीच त्यातली गंमत.

ज्यांची जमीन त्यांची पोपटी, हेही खरे होते. वडीलधारी माणसे सांगत, शेंगा खुडायला वाड्यातली माणसे लागत, पण मडके फुटायच्या वेळेला त्यांनी निघून गेलेले असावे अशी अपेक्षा असे. आता खेळ पालटला आहे. सिडको १९७० साली आली, जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, माणसे मेली, तेव्हा कोठे मोबदल्याची भाषा बदलली. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. वालाची शेते इमारतींखाली गेली आणि पोपटी फार्महाऊसवर माणशी दराने मिळू लागली. एकेकाळी ज्याला मडक्याजवळ थांबू दिले नाही, त्याचा इंजिनिअर नातू ती पैसे मोजून खातो. शेतमालकाचा नातू कधीकधी तेथेच गाड्या लावून घेण्याचे काम करतो. या दृश्याला हसावे की रडावे हे आम्हाला ठरवता येत नाही.

जमिनीचा पैसा आला तसा बारही आला. पनवेलचे नाव राज्यभर गाजले ते डान्सबारमुळे. येथील तत्कालीन आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत हा प्रश्न मांडला, गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी २००५ साली बंदी जाहीर केली आणि १५ ऑगस्टपासून ती लागू झाली. घरे बुडत होती हे खोटे नव्हते. पण कायद्यात एक पळवाट मुद्दाम ठेवली होती. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लबांना, जिमखान्यांना बंदी नव्हती! म्हणजे गरिबासमोरचा नाच अनीती आणि श्रीमंतासमोरचा नाच संस्कृती. २००६ साली उच्च न्यायालयाने आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरवताना याच भेदावर बोट ठेवले. त्या बारमध्ये नाचणाऱ्या अनेकजणी नट, बेडिया अशा जातींतल्या होत्या, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाचण्यापलीकडे काही करू दिले गेले नव्हते. त्यामुळे आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांमध्येही मतभेद झाले. कोणी रोजगाराचा हक्क मांडला, तर कोणी जातीने लादलेल्या धंद्याला हक्क कसे म्हणायचे असे विचारले. आम्हाला दुसऱ्या प्रश्नात जास्त तथ्य वाटते. पण तो विचारताना हातात पर्यायी नोकरी असली पाहिजे, ती सरकारच्या हातात नव्हती. २ ऑगस्ट २०२५ रोजी पनवेलच्या सभेत राज ठाकरे रायगडातील डान्सबारवर बोलले आणि त्याच रात्री त्यांच्या कार्यकर्त्यांनी एक बार फोडला. काचा फुटल्या, बातमी झाली. तेथे काम करणाऱ्या बायांचे पुढे काय झाले याची बातमी आमच्या वाचनात आली नाही.

आता दारूविषयी. बाबासाहेब दारूला शिवले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातले पाचवे शील तर आहेच. आम्ही मित्रांच्या टेबलावर बसतो, तेव्हा आमच्यासमोर सोलकढी असते. पिणाऱ्याला आम्ही उपदेश करीत नाही, तसेच उठूनही जात नाही. उपदेशाने ग्लास खाली ठेवलेला माणूस आम्ही पाहिलेला नाही. पण विहारात सकाळी शील घेणाऱ्याने संध्याकाळी एकावर एक फुकटचा हिशेब करावा, हे पाहून वाईट वाटते. २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारने विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा काही मित्र सरकारवर जेवढे चिडले तेवढे शिष्यवृत्ती थकली तेव्हा चिडले नव्हते. असो.

अलीकडे आमच्या टेबलावर मित्रांच्या बरोबरीने मैत्रिणीही येऊ लागल्या आहेत. बँकेत, शाळेत, नर्सिंगमध्ये काम करणाऱ्या. कलम १५ मध्ये जातीबरोबर 'लिंग' हाही शब्द आहे. पण बाई हॉटेलात दिसली की तिला आतल्या फॅमिली रूमकडे बोट दाखवण्याची सवय पनवेलमध्ये अजून गेलेली नाही. गेल्या महिन्यात एका हॉटेलात आमच्या मैत्रिणीला असेच बोट दाखवले गेले. ती म्हणाली, "दादा, येथे वारा चांगला येतो, येथेच बसते." बसली. मालक काही बोलला नाही.

रात्री साडेअकराला खुर्च्या टेबलांवर उलट्या चढतात. फडके मारणारी पोरे बिहार-ओडिशाची असतात, कोठे भांडी घासायला कातकरी वाडीवरच्या बाया असतात. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलात आणि ढाब्यावर चौदा वर्षांखालील मूल कामाला ठेवणे गुन्हा आहे, तरी एखादा फारच लहान चेहरा दिसतो आणि वय विचारले की "अठरा" असे पाठ केलेले उत्तर येते. गिऱ्हाईक गेल्यावर ही मंडळी मागच्या दाराशी बादल्यांच्या शेजारी उकिडवी बसून जेवतात. पुढच्या चाळीस खुर्च्या तेव्हा रिकाम्या असतात. आम्ही एकदा मालकाला विचारले, यांना टेबलावर का बसवत नाही? तो हसून म्हणाला, "अहो, सवय नाही त्यांना." पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा विचारणार आहोत.