फांसे, उंदीर आणि शर्विलक

वैशाखाच्या सुट्टींत आपट्यास आमच्या घरीं मुलांचा मेळा जमतो. सकाळीं पाताळगंगेवर डुंबणें, दुपारीं माडीवर पत्ते आणि अधूनमधून स्टेशनावर फेरी, हा नित्यक्रम. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग आमच्याच स्टेशनावर घेतला गेला असल्यामुळें, पाहुण्या मुलांस तो फलाट दाखविल्यावांचून आमच्या मुलांस चैन पडत नाहीं. यंदा मात्र पत्त्यांची पानें कपाटांतच राहिलीं. पुण्याच्या नातवानें पिशवी भरून फांसे आणले होते. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा! द्यूताची सामग्री घरांत आली असें वाटून आम्ही चष्मा सांवरीत माडीवर गेलों.

पण तें द्यूत नव्हतें. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत पट असलाच पाहिजे असें नाहीं, आणि कोणी कोणाला जिंकतहि नाहीं. एक जण सूत्रधार होऊन कथा सांगतो, बाकीचे एकेका पात्राचें सोंग घेतात. कीर्तनांत बुवा आख्यान रंगवीत आहेत आणि श्रोत्यांतला कोणी उठून “आतां मी भिंतीवर चढतों” असें म्हणत आहे, अशी कल्पना करावी. चढतां आलें कीं नाहीं, तें फांसा सांगतो. पात्राला बळ, बुद्धि वगैरे गुण अंकांनीं मोजून दिलेले असतात. शिवाय प्रत्येकास एक पूर्ववृत्त निवडावें लागतें. कोणी सैनिक, कोणी पंडित, कोणी सरदारपुत्र.

आमच्या नातवानें निवडलें होतें रस्त्यावरचें अनाथ पोर. २०१४ सालच्या आवृत्तींत या पूर्ववृत्ताला ‘अर्चिन’ म्हटलें आहे. अशा पोराला हातचलाखी आणि चोरपावलांनीं वावरणें या दोन विद्या येतात. वेषांतराचें साहित्य व चोराचीं हत्यारें वापरण्यांत तें तरबेज असतें. जवळ एक लहान सुरी, ज्या शहरांत तें वाढलें त्याचा नकाशा, पाळलेला उंदीर, आईबापांची एखादी खूण, साधे कपडे आणि कमरेच्या पिशवींत दहा सोन्याचीं नाणीं. त्यास शहराच्या आडवाटा अशा ठाऊक असतात कीं, इतरांच्या दुप्पट वेगानें तें एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं पोहोंचतें.

“मुंज झालेल्या मुलानें चोराचें सोंग घ्यावयाचें?” थोरल्या वहिनींनीं जिन्यांतूनच विचारलें. आम्हांस राहवलें नाहीं. आम्ही म्हणालों, “वहिनी, चतुर्वेदी ब्राह्मणाचा मुलगा चोरी करतो, असें शूद्रकानेंच लिहून ठेवलें आहे.” वहिनींस हें मुळींच रुचलें नाहीं. पण मुलें मात्र सरसावून बसलीं, आणि आमची गेलेली शिकवणी तासाभरापुरती परत आली.

‘मृच्छकटिक’ मराठींत देवलांनीं आणलें, तें पुष्कळांनीं पाहिलें असेल. पण मूळ तिसरा अंक सावकाश वाचावा. शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोंक पाडावयास येतो, तो एखाद्या शास्त्र्यासारखा. भिंत पक्क्या विटांची कीं कच्च्या, हें पाहून तो भोकाचा आकार ठरवितो. उमललेलें कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ अशा आकृति तो मनांत घोळवितो व पक्क्या विटांस पूर्णकुंभ योग्य म्हणून तोच पाडतो. मापाचा दोरा घरीं विसरला, तर गळ्यांतलें यज्ञोपवीत काढून मोजतो. बोटाला साप डसतो, तेव्हां तेंच जानवें आवळून बांधतो. दिवा विझविण्यासाठीं त्यानें किडा आणलेला असतो. आणि हें सर्व कशासाठीं? तर प्रिय मदनिकेला दास्यांतून सोडविण्यासाठीं.

त्याच नाटकाच्या दुसऱ्या अंकांतला संवाहक तर नातवाच्या पोराचा सख्खा भाऊ शोभेल. हा पाटलिपुत्राचा, अंग रगडून देण्याची कला येणारा. उज्जयिनींत येऊन जुगारी बनला. दहा सुवर्णांचें देणें झालें, म्हणून पळाला, आणि पाठलाग करणारांस चकविण्यासाठीं उलट्या पावलांनीं ओसाड देवळांत शिरून मूर्ति होऊन उभा राहिला. फाशांचा आवाज कानीं पडतांच मात्र मूर्तीला राहवेना! दहाचा आंकडा ऐकून मुलें टाळ्या पिटूं लागलीं. पुढें हाच संवाहक भिक्षु होऊन वसंतसेनेचे प्राण वांचवितो आणि तिला घेऊन वधस्थानीं पोहोंचतो, म्हणून चारुदत्ताचा गळा वांचतो. खेळ रचणाऱ्यांस हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं.

हत्यारांबद्दल विचाराल, तर दंडीच्या ‘दशकुमारचरितां’तील अपहारवर्मा चंपानगरींत रात्रीं निघतो त्या वेळची यादीच पाहावी. खणण्याचें फणिमुख, सांडशी, मापाचें सूत्र, दोर, दिव्याचें भांडें, दिवा मालविणाऱ्या भुंग्यांची डबी आणि एक खोटें डोकें. हें डोकें भोकांतून आधीं आंत सरकवावयाचें, म्हणजे आंत कोणी काठी घेऊन टपला असल्यास फटका त्यावर बसेल. नातवानें खोटें डोकें तत्काळ आपल्या कागदावर टिपून घेतलें. “सूत्रधार परवानगी देईल कीं नाहीं, कोण जाणे,” असें मात्र तो पुटपुटला.

इथवर सारें हास्यविनोदांत चाललें होतें. मग त्यानें सहज विचारलें, “आजोबा, असें पोर तुम्हीं खरोखरीचें पाहिलें आहे?”

पाहिलें होतें. आमच्या वर्गांतच होतें. बाप छत्र्या दुरुस्त करीत गांवोगांव हिंडे. तो वारल्यावर हें मुंबईच्या स्टेशनांवर कांहीं वर्षें वाढलें आणि मग एका दूरच्या मावशीनें आणून शाळेंत घातलें. गाड्यांच्या वेळा त्यास तोंडपाठ, हिशेब तोंडीं, आणि माणूस पाहतांच तो रागावणार कीं हंसणार हें ओळखण्याची विद्या तर आम्हां शिक्षकांतहि कोणास नव्हती. एकदां वर्गाच्या कपाटाची किल्ली हरवली. त्यानें खिशांतून छत्रीची एक काडी काढली व क्षणांत कुलूप उघडून दिलें. आम्हीं त्यास शाबासकी दिली. पंधरा दिवसांनीं सहलीच्या वर्गणीचे पैसे कपाटांत दिसेनात. आम्हीं कोणासहि न विचारतां त्यास उभें केलें आणि साऱ्या वर्गादेखत खिसे उलटे करावयास लावले. खिशांत ती काडी होती, दुसरें कांहीं नव्हतें. तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून शाळेंतहि आला नाहीं. पैसे आठवड्यानें सांपडले, आमच्याच हजेरीपटाच्या पुठ्ठ्यांत. आम्ही मावशीकडे गेलों, तों तो निघून गेला होता. कोठें, तें तिलाहि सांगतां येईना.

खेळांतल्या पोराला दहा मोहरा असतात, आणि शहराच्या आडवाटांनीं तें सर्वांच्या आधीं पोहोंचतें. आमच्या त्या विद्यार्थ्यास कोठें पोहोंचावयाचें होतें, हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. शर्विलकाला संशयाचा फायदा आम्हीं तीस वर्षें वर्गांत दिला. त्याच वर्गांतल्या मुलाला मात्र दिला नाहीं.

मुलें गप्प झालीं होतीं. नातवानें त्या मुलाचें नांव विचारलें. आम्हीं सांगितलें. तें त्यानें कागदावर लिहिलें नाहीं. आईबापांच्या खुणेसमोर आधीं ‘सोन्याचें लॉकेट’ असें कांहीं लिहिलेलें होतें, तें खोडून त्यानें ‘छत्रीची काडी’ असें लिहिलें. मग उंदराला नांव काय ठेवावें यावरून भांडण सुरू झालें आणि खालून वहिनींनीं पानें मांडल्याची हांक दिली.