उल्हासनगरची एक बराक तरी राहू द्या

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात विंडरश नदीच्या काठी मिन्स्टर लव्हेल हॉल या सरदारी वाड्याचे अवशेष आहेत. विल्यम लव्हेलने 1430 च्या दशकात तो बांधला. 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत लव्हेल घराणे पराभूत राजाच्या बाजूने होते, म्हणून वाडा जप्त झाला आणि अठराव्या शतकात त्याचा बराच भाग पाडला गेला. आज छप्पर नसलेल्या त्या भिंती इंग्लिश हेरिटेज ही संस्था सांभाळते. सौंदर्य हे त्याचे एक कारण असेल. पण सत्तेच्या उलथापालथीत माणसांचे काय होते याचा पुरावा त्या दगडांत आहे, हे कारण अधिक मोठे. आजच्या उल्हासनगर परिसरात, शहाड ते विठ्ठलवाडी या पट्ट्यात, इंग्रजांनी असा वाडा बांधला नाही, लष्करी बराकी बांधल्या. पुराव्याचाच निकष लावला, तर यातली एक तरी बराक जपणे आपले कर्तव्य ठरते.

दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची संक्रमण छावणी उभी राहिली. लोक तिला कल्याण कॅम्प म्हणू लागले. दोन हजारांहून अधिक बराकी आणि हजारावर निवासस्थाने होती. बहुतेक बराकींत मधोमध मोठे दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या असत. युद्ध संपले, छावणी ओस पडली, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना येथेच आसरा मिळाला. सैनिकांसाठी बांधलेल्या दालनांत कुटुंबांचे संसार थाटले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. वस्त्यांना मात्र आजही कॅम्प एक ते पाच असेच म्हणतात. साम्राज्याची गरज आणि निर्वासितांची गरज एकाच छपराखाली एकामागून एक राहून गेली, असा पुरावा राज्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, परक्या सत्तेच्या खुणा कशाला जपायच्या? पण अमृतसरचे फाळणी संग्रहालय 2017 मध्ये इंग्रज राजवटीतल्याच टाऊन हॉलमध्ये सुरू झाले. वास्तू कोणी बांधली यापेक्षा तिने कोणाची कहाणी साठवली, हे तिथे महत्त्वाचे ठरले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जीर्ण बराकींत राहणाऱ्यांना सुरक्षित घर हवे. ते मिळालेच पाहिजे, आणि एखादी बराक राखल्याने कोणाचाही पुनर्विकास अडत नाही. तिसरा आक्षेप असा की जवळच अंबरनाथला 1060 सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर असताना या साध्या इमारतींना वारसा का म्हणावे? मंदिर आपल्याला अकराव्या शतकातले शिल्पवैभव दाखवते. आजच्या शहराचा जन्म कसा झाला, हे सांगण्याचे काम बराकीचे आहे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

खरी अडचण काळाची आहे. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार केंद्रीय संरक्षणासाठी वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. बराकींची शंभरी 2040 नंतर भरेल, आणि जमिनीचे भाव पाहता तोवर मूळ रूपातली एकही शिल्लक राहण्याची खात्री नाही. मात्र नगररचनेच्या नियमांखाली स्थानिक वारसा यादी करता येते; मुंबईत 1995 पासून ती अमलात आहे. उल्हासनगर महानगरपालिकेने मूळ आराखडा टिकून असलेली एक बराक निवडावी, तिची मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत, आणि तिथे छावणीचे व फाळणीचे छोटे संग्रहालय उभारावे. सिंधमधून बालपणी आलेले लोक आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवण्याचे काम कोणत्याही मंजुरीवाचून आजच सुरू होऊ शकते. शहाड-उल्हासनगरच्या शाळा, महाविद्यालये आणि सिंधी संस्थांनी ते हाती घ्यावे.