बाळाला भेटायला जाण्यापूर्वी

घरात बाळ आले की आनंदाला उधाण येते. कानात अजान दिली जाते. नानी, दादी, खाला, फुफी सगळ्या धावत येतात. प्रत्येकीला बाळ मांडीवर हवे असते, त्याचा मुका घ्यायचा असतो. कुणाला थोडी सर्दी असते, कुणाच्या मुलाला कालपासून जुलाब होत असतात. "एवढ्याने काय होतंय!" असे म्हणून आपण तिकडे काणाडोळा करतो.

एकोव्हायरस हा पोलिओच्या विषाणूच्या कुटुंबातला विषाणू. मोठ्यांना त्याने थोडा ताप येतो, घसा दुखतो, कधी पुरळ उठते. अनेकांना तर काहीच जाणवत नाही. पण जेमतेम आठवड्याच्या बाळाच्या यकृतावर, हृदयावर किंवा मेंदूवर तो घाला घालू शकतो. जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात फ्रान्समध्ये एकोव्हायरस-११ मुळे नऊ नवजात बाळे गंभीर आजारी पडली. त्यांपैकी सात दगावली. त्यांतली बहुतेक अपुऱ्या दिवसांची आणि जुळी होती. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा सर्व देशांना सावध केले.

आईला हा संसर्ग पूर्वीच होऊन गेला असेल तर तिच्या शरीरातले संरक्षण बाळालाही मिळते. मात्र बाळंतपणाच्या तोंडावर तो झाला, तर ते संरक्षण तयार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून प्रसूतीच्या सुमारास आईला ताप किंवा जुलाब झाले, तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

या विषाणूवर लस नाही, खात्रीचे औषधही नाही. तो विष्ठेतून आणि लाळेतून पसरतो. आजारी माणूस बरा झाल्यावरही कित्येक आठवडे विष्ठेतून बाहेर पडत राहतो. त्यामुळे दुपटे बदलल्यावर आणि बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुणे हाच खरा उपाय. नुसते सॅनिटायझर याच्यावर पुरेसे पडत नाही. पाच वेळा वजू करणाऱ्या घरांना ही सवय जड जाऊ नये.

तहनीकची सुन्नत आपल्याला प्रिय आहे. पण ताप, खोकला किंवा जुलाब असलेल्या बुजुर्गांनी खजूर चावून बाळाच्या तोंडाला लावू नये; ते काम घरातल्या निरोगी माणसाकडे सोपवावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारावे. अकिक्याच्या गर्दीत बाळाला हातोहात फिरवू नये. घरात कॅन्सरचे उपचार घेणारे किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कुणी असेल, तर त्यांच्याबाबतही हीच काळजी घ्यावी.

बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, अंग तापले किंवा गार पडले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला दवाखान्यात न्यावे.

आमची बहिणींना एवढीच विनंती आहे, की बरे नसेल त्या दिवशी फोनवरच मुबारकबाद द्यावी. आणि एखाद्या सुनेने "आधी हात धुता का?" असे विचारले, तर सासरच्यांनी त्यात अपमान मानू नये. ती आपल्याच नातवाला जपते आहे.