लाइट गेली तर डेटाचं काय? घरच्या सर्व्हरसाठी रेड निवडताना

समजा, तुमचं फील्डवर्क बारामती तालुक्यात कोऱ्हाळे बुद्रुकला आहे. उसाच्या रानात जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर लावलेत आणि दर १० मिनिटांनी एक नोंद घरातल्या छोट्या सर्व्हरवर येते. हंगाम संपला की ती नोंद पुन्हा मिळायची नाही. म्हणून तुम्ही दोन डिस्क घेता आणि प्रश्न पडतो: रेडसाठी वेगळं कार्ड घ्यायचं (हार्डवेअर रेड), की ते काम लिनक्सलाच सांगायचं (सॉफ्टवेअर रेड)?

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र अशा जोडायच्या की एक गेली तरी डेटा राहावा. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी हे नाव दिलं. नावातला 'आय' तेव्हा 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, यासाठी होता. पुढे तो 'इंडिपेंडंट' झाला. तो पेपर जरूर वाचा, अजूनही सहज समजतो.

कार्ड घेण्याचं जुनं कारण वेगाचं होतं. रेड ५ मध्ये पॅरिटीचं गणित सतत करावं लागतं आणि तेव्हाच्या प्रोसेसरला ते जड जायचं. आज लिनक्स रेड ५ चं मॉड्यूल लोड करताना हे गणित किती वेगाने होतं ते स्वतःच मोजतं. 'डीमेसेज' कमांड देऊन आकडा बघा, सेकंदाला हजारो एमबी दिसतील. फिरणारी डिस्क देते साधारण दोनशे. म्हणजे घरच्या सर्व्हरपुरता हा मुद्दा निकालात निघाला.

आता विजेचं बघू. १ वॅट वर्षभर चालू ठेवला की ८.७६ युनिट होतात. हा आकडा लक्षात ठेवा, फार कामाला येतो. मिनी पीसी रिकामा असताना ८ वॅट आणि ३.५ इंची दोन डिस्क मिळून १० वॅट धरा: एकूण १८. रेड कार्ड लावलं की त्यात १० वॅटची भर, शिवाय काही कार्डांमुळे प्रोसेसरला गाढ झोपेत जाता येत नाही, ते वेगळंच. वर्षाला १५८ युनिटच्या जागी २४५. पण खरा फरक बिलात नाही, इन्व्हर्टरवर दिसतो. १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च आणि बॅटरीचं वय धरून निम्मीच मोजा. १८ वॅटवर ५० तास, २८ वॅटवर ३२ तास, तेही घरात कुणी पंखा लावला नाही तर! माझे आकडे अंदाजाचे आहेत. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर घ्या आणि स्वतः मोजा. प्रबंधात 'अंदाजे' चालत नाही.

लाइटच जाणार असेल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, की ती नेमकी लिहिताना गेली तर काय होतं? तीन डिस्कचं रेड ५ घ्या. पहिल्या डिस्कवर ५, दुसऱ्यावर ३, तिसऱ्यावर त्यांची एक्सॉर पॅरिटी, ६. आता पहिल्या डिस्कवर ५ च्या जागी ४ लिहिलं. पॅरिटी ७ व्हायला हवी, पण तेवढ्यात लाइट गेली आणि ती ६ च राहिली. ही विसंगती दुरुस्त होण्याआधी दुसरी डिस्क मेली, तर तिचा डेटा ४ आणि ६ वरून काढला जाईल आणि उत्तर येईल २. तिथे ३ होते. ज्या डिस्कला आपण हातही लावला नव्हता, तिचाच डेटा बिघडला, आणि कुठे एरर नाही की काही नाही. याला 'राइट होल' म्हणतात. संशोधनात हरवलेल्या आकड्यापेक्षा असा गुपचूप बदललेला आकडा जास्त घातक, कारण तो आलेखात जाऊन बसतो.

कार्डवाले इथे म्हणतील, आमच्या कॅशला बॅटरी आहे. खरं आहे, आणि सतत लिहिणाऱ्या मोठ्या डेटाबेससाठी मीही तेच घेईन. पण जुन्या पद्धतीची ती बॅटरी कॅश साधारण दोन-तीन दिवस जपते. पावसाळ्यात डीपी जळाली तर ती बदलून येईपर्यंत तेवढे दिवस सहज जातात. उन्हाळ्याच्या उष्णतेत बॅटरी लवकर म्हातारी होते, ते आणखी. आणि कार्डच जळालं तर? डिस्क ठणठणीत असतात, पण त्यावरची मांडणी बहुतेकदा त्याच घराण्यातल्या कार्डाला कळते. तसं कार्ड बारामतीत शोधून बघा एकदा.

लिनक्सच्या एमडीएडीएमचं तसं नाही. मांडणीची माहिती डिस्कवरच असते. डिस्क काढा, मित्राच्या जुन्या पीसीला लावा, रेड पुन्हा उभं राहतं. दोनच डिस्क असतील तर साधा आरसा, म्हणजे रेड १, ठेवा. त्यात पॅरिटीच नाही, त्यामुळे वरचा घोळही नाही. फक्त दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती हे एमडीएडीएमला कळत नाही. झेडएफएसला चेकसममुळे कळतं, म्हणून रॅम पुरेशी असेल तर माझं मत झेडएफएसच्या आरशाला. मदरबोर्डच्या बायोसमध्ये 'रेड' असा पर्याय दिसतो, त्याच्या नादी लागू नका. ते बहुधा सॉफ्टवेअरच असतं, वर पुन्हा त्या बोर्डाला बांधलेलं.

वीज वाचवायची असेल तर रेडच्या निवडीखालोखाल बचत डिस्क झोपवण्यात आहे. दर १० मिनिटांनी नोंद आली तर त्या झोपणार कशा? नोंदी आधी छोट्या एसएसडीवर घ्या आणि दिवसातून एक-दोनदा आरशावर हलवा. मधल्या वेळेत एकच प्रत असते, हा धोका किती तासांचा चालेल ते तुम्ही ठरवा. इन्व्हर्टरचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना, तेही बघून घ्या. साध्या मोडवर लाइट जाताना संगणक रीस्टार्ट होऊ शकतो.

आणि वळवाच्या पावसात तारांवर वीज पडली तर आरशातल्या दोन्ही डिस्क एकदमच जातील. तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क पुण्याच्या खोलीवर नेऊन ठेवा, प्लग काढून.