श्रद्धा मोजायची कशी? मिरज, सातारा आणि एक प्रयोग



समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रात पीएचडी करायची ठरवणारे बरेच विद्यार्थी धर्माशी संबंधित टॉपिक घेतात. उदाहरणार्थ, 'ख्रिस्ती कुटुंबांच्या रोजच्या जीवनातील श्रद्धा आणि आज्ञापालन'. टॉपिक चांगला आहे, पण त्याचा प्रस्ताव लिहायला बसलं की पहिलीच अडचण येते. श्रद्धा दिसत नाही. मग डेटा कशाचा गोळा करायचा?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्रश्नावली. 'तुम्ही दर रविवारी उपासनेला जाता का?' असं विचारायचं आणि टक्केवारी काढायची. पण इथे सावध राहा. 1993 मध्ये हॅडवे, मार्लर आणि चेव्हज या अमेरिकन संशोधकांनी लोकांनी सांगितलेली उपस्थिती आणि चर्चमध्ये प्रत्यक्ष मोजलेली उपस्थिती यांची तुलना केली. प्रत्यक्षातला आकडा सांगितलेल्या आकड्याच्या जवळपास निम्माच निघाला. यावरून सगळे लोक खोटारडे ठरत नाहीत. माणूस आपण जसं असायला हवं तसं उत्तर देतो, एवढंच. त्यामुळे प्रश्नावलीतून श्रद्धेपेक्षा श्रद्धेविषयीचा आदर्श जास्त कळतो.

मग वागणूक बघू या. 1973 मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींना विषय दिला होता चांगल्या शोमरोनीचा दाखला, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. बाकीच्यांचा विषय वेगळा होता. वाटेत एक माणूस दारात कण्हत, खोकत बसवलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी 63 टक्के मदतीला थांबले. मध्यम घाईत असलेल्यांपैकी 45 टक्के, आणि 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय शोमरोनी आहे की दुसरा, याने लक्षणीय फरक पडला नाही.

नमुना छोटा होता, 40 जणांचा. त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नका. पण आपल्या टॉपिकसाठी एक धागा हाती लागतो. माणूस काय मानतो एवढंच बघून भागत नाही. त्याच्या वेळेची आणि पैशाची मांडणी कशी आहे, त्यात दुसऱ्यासाठी जागा शिल्लक आहे का, हेही बघायला हवं.

आता आपल्या भागात या. डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले, आधी सांगलीत आणि मग मिरजेत. 1894 मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. संशोधक म्हणून याकडे बघा. आजाऱ्याची सेवा ही आज्ञा इथे एका माणसाच्या त्या दिवशीच्या मूडवर सोडलेली नाही. ती हॉस्पिटलच्या वेळापत्रकात बसवली आहे. डॉक्टर घाईत असला तरी वॉर्ड उघडाच राहतो. अर्थात, मिशनला धर्मप्रसारही करायचा होता. हे दोन हेतू वेगळे करता येतात का, हा स्वतंत्र आणि अवघड प्रश्न आहे. प्रस्तावात तो टाळू नका.

साताऱ्याचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. 1919 मध्ये टिळक वारले. दोनच वर्षांचं काम, पण आपल्यासाठी महत्त्वाचं. कारण टिळकांनी पगारच सोडला, म्हणजे पैशाची मांडणीच बदलली. हे कृत्य आहे, त्याला तारीख आहे, आणि ते तपासता येतं.

पण त्याची किंमत कोणी मोजली? इथे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचाच. नवऱ्याच्या उदारपणामुळे घरात होणारी ओढाताण त्यात आहे, त्याचा तापट स्वभावही आहे. त्या स्वतः 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या, आणि त्याआधी सोवळं-ओवळं कसं हळूहळू सुटत गेलं तेही त्या सांगतात. श्रद्धा एका दिवसात बदलली असं जाहीर करता येतं, पण पाण्याचा पेला कोणाच्या हातून घ्यायचा ही सवय बदलायला वेळ लागतो. मात्र हे पुस्तक त्या घटनांनंतर खूप वर्षांनी लिहिलेलं आहे, त्यामुळे आठवणींना असतात त्या सगळ्या मर्यादा त्यालाही आहेत. शक्य तिथे त्या काळातली पत्रं आणि 'ज्ञानोदय'चे अंक ताडून बघा.

थोडक्यात, प्रस्ताव लिहिताना स्वतःला चार प्रश्न विचारा:

1. मी लोकांचं म्हणणं मोजतोय की वागणं?
2. या घराचा वेळ आणि पैसा कुठे जातो, हे मला कळेल का?
3. एकाच्या आज्ञापालनाचा भार घरातलं दुसरं कोणी उचलतंय का? त्या व्यक्तीशी मी बोललो का?
4. माझ्या अभ्यासामुळे कोणाला त्रास होईल का?

चौथा प्रश्न शेवटी आहे म्हणून कमी समजू नका. धर्मांतराचा विषय आज नाजूक आहे. कुटुंबाचं नाव, गल्ली, चर्च यांवरून माणूस ओळखू येत असेल तर ती माहिती थीसिसमध्ये जाता कामा नये, मग तुमचं प्रकरण थोडं फिकं झालं तरी चालेल. आणि फील्डवर जाताना दिवसाला दोनच घरं ठेवा. पाच मुलाखती उरकायच्या घाईत असलेल्या संशोधकासमोर एखादी आजी रडायला लागली, तर तो घड्याळाकडे बघतो. प्रिन्स्टनचे विद्यार्थी आठवतात ना?

तुमचा टॉपिक याच्या जवळपासचा असेल तर कमेंटमध्ये लिहा, पद्धतीवर बोलू.