गिरणीचे झिजलेले दगड : टाकी लावावी की नवे घ्यावे?

नंदुरबार जिल्ह्यात ज्वारी, मका, तूर आणि मिरची ही पिके घरोघरी दळणाच्या रूपानेच उपयोगात येतात. पेरणीपासून साठवणीपर्यंत शेतकरी धान्याची काळजी घेतो. परंतु ज्या दगडांखाली ते अखेर जाते, त्यांकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. झिजलेल्या दगडांमुळे पीठ बिघडते, विजेचा खर्च वाढतो आणि प्रसंगी आरोग्यासही अपाय होतो. यास्तव गावातील गिरणीचालक, बचत गट आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांनी पुढील माहिती ध्यानात ठेवावी.

दगड कसा दळतो?

दगडावर मध्यापासून कडेपर्यंत चर असतात. ते मध्याशी खोल व कडेकडे उथळ असतात. त्यांच्या धारेने दाणा प्रथम फुटतो आणि पुढे चरांमधील सपाट पट्ट्यांवर बारीक होतो. चरांतून वारा खेळतो व पीठ बाहेर सरकते. कॉफीचे बी दळणाऱ्या लहान यंत्राचे दातही याच तत्त्वावर काम करतात. धार गेली म्हणजे दाणा कापला न जाता चिरडला जातो. घर्षण वाढते आणि पीठ तापते. अशा पिठाची भाकरी नीट थापली जात नाही. तापलेल्या मिरचीचा रंग व वास कमी होतो. नवापूरच्या तूरडाळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले आहे. अशी चांगली तूरही खराब दगडांवर भरडल्यास डाळीपेक्षा चुरी अधिक पडते.

परीक्षा

दोष दगडाचाच आहे, अशी आधी खात्री करून घ्यावी. पट्टा सैल झाला आहे काय, बेअरिंग झिजले आहे काय, धान्य ओलसर आहे काय, हे प्रथम पाहावे. त्यानंतर १० किलो कोरडी ज्वारी दळून लागलेला वेळ वहीत नोंदवावा. समजा, दगड चांगले असताना ६ मिनिटे लागत होती व आता ९ लागतात. दररोज ३०० किलो दळण असल्यास ३ तासांचे काम साडेचार तासांवर जाते. साडेसात अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने दीड तास अधिक चालल्यास सुमारे ८ ते ९ युनिट वीज जास्त लागते. महिन्याच्या २५ दिवसांत हा खर्च २०० युनिटांवर जातो. टाकी लावण्याची मजुरी या रकमेशी ताडून पाहावी.

टाकी लावणे

मोटर बंद करून मुख्य बटण उतरवावे व फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावा. दगड उघडून एका सरळ लाकडी पट्टीस गेरू लावावा व ती दगडावर फिरवावी. जेथे गेरू लागेल, तेथे उंचवटा आहे असे समजून तो आधी उतरवावा. नंतर मूळ चरांच्याच दिशेने टाकी चालवावी. दिशा बदलू नये. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडास मुखपट्टी अवश्य बांधावी. एमरीचे बरेच दगड मॅग्नेशियमच्या सिमेंटने बांधलेले असतात व पाण्याने ते सिमेंट ठिसूळ होते. म्हणून असे दगड धुऊ नयेत, कोरड्या ब्रशनेच साफ करावेत.

टाकी लावल्यावर प्रथम काही किलो हलके धान्य दळून ते पीठ टाकून द्यावे. त्यात दगडाची कच असते. ते जनावरांसही घालू नये. दगड धान्याविना एकमेकांवर चालू देऊ नयेत. लोखंडी चकत्यांची गिरणी असल्यास पिठात अधूनमधून चुंबक फिरवून पाहावा. लोखंडाचा कीस सतत निघू लागल्यास चकत्या बदलाव्यात.

दगड केव्हा बदलावा?

दगडास तडा गेला असेल, त्याचे टवके निघत असतील, कडेची लोखंडी पट्टी सैल झाली असेल, किंवा कारखानदाराने सांगितलेल्या जाडीपेक्षा तो पातळ झाला असेल, तर टाकीचा खर्च व्यर्थ होय. तडा गेलेला दगड वेगात फुटून चालकाच्या जिवावर बेतू शकतो. तसेच टाकी लावूनही थोड्याच दिवसांत वेळ पुन्हा वाढू लागल्यास दगडाची बांधणी ढिली झाली आहे असे समजावे. नवे दगड जोडीनेच घ्यावेत आणि मिरचीसाठी निराळी जोडी ठेवावी.

दगडातील खड्डा किंवा सैल झालेला लोखंडी भाग शिसे ओतून कधीही पक्का करू नये. १९८० च्या दशकात जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावरील अरब खेड्यांत अशाच गिरण्यांचे पीठ खाऊन अनेक कुटुंबांना शिशाची विषबाधा झाली होती. पिठातील शिसे डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही कळत नाही, आणि त्याचा सर्वाधिक अपाय लहान मुलांना होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या प्रत्येक गिरणीत एक वही ठेववावी. टाकी लावल्याची तारीख, १० किलो ज्वारीस लागलेला वेळ आणि दगडाची जाडी एवढ्या तीन नोंदी तीत नियमाने झाल्या, तर दगड दुरुस्त करावा की बदलावा याचा निर्णय गिरणीचालकास वेळेवर घेता येईल.