तिवरांच्या मुळाखाली

पहाटे ५.३०. मुलुंडहून निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहते. अमावस्येनंतरची तृतीया, पाणी आठच्या सुमारास तळाला जाईल. म्हणजे पावणेसातला आत आणि दहाच्या आत बाहेर. भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर कोळीवाड्यातले काका वाट पाहत असतात. "ताई, उधाणाचं पाणी हाय, एकदा फिरलं की थांबत नाय," म्हणत ते पुढे होतात.

६.४५. ठाणे खाडीकाठचं तिवरांचं रान. चिखल गुडघ्यापर्यंत, त्यातून बोटाएवढी श्वासमुळं वर आलेली. सात मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखायचं आणि आतल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजायचा. इथली बरीच तिवरं बुंध्यापासूनच फुटलेली आहेत. सरपणासाठी तोडली, ती पुन्हा फुटली. अशा झाडाचा प्रत्येक सोट वेगळा मोजावा लागतो. कांदळ असेल तर सर्वांत वरच्या आधारमुळाच्या वर ३० सेंटिमीटरवर टेप लावायचा.

काका वाचतात, "एकतीस पॉइंट चार." म्हणजे व्यास १० सेंटिमीटर. लाकडाची घनता ०.६५ धरून कोमियामा आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या समीकरणात घातलं, की जमिनीवरचं सुकं वजन साधारण ४७ किलो येतं. त्यात कार्बन सुमारे २२ किलो. झाडाला कुऱ्हाड न लावता हे कळतं, याचं मला फार मोल वाटतं.

८.००. पाणी तळाला. आता ऑगर. अर्धगोल पोलादी नळी दोघांनी मिळून मीटरभर सरळ खाली दाबायची, फिरवायची आणि अलगद वर ओढायची. वरचा गाळ तपकिरी, मग राखाडी, तळाशी जवळजवळ काळा. कुजक्या अंड्यांचा वास नाकात भरतो. तळाच्या तुकड्यातही केसांसारखी मुळं शाबूत दिसतात. पाण्याने भरलेल्या गाळात हवा शिरत नाही, म्हणून ती कुजता कुजत नाहीत आणि वर नवा गाळ साचत राहतो. कांदळवनातला बहुतेक कार्बन झाडांत नाही, या गाळात आहे. ०–१५, १५–३०, ३०–५०, ५०–१०० सेंटिमीटर असे थर पाडून पिशव्यांत भरते.

९.४५. श्वासमुळांमधून पाणी चढू लागलं. बाहेर.

दुपारी १.००. घाटकोपरची प्रयोगशाळा. नमुने ६० अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत. मग दळणं, शिंपल्यांचा चुना आम्लाने काढून टाकणं आणि शेवटी कार्बनचं प्रमाण.

४.३०. सकाळच्या नोंदी संगणकावर. कांदळवनं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात मनाई केली. सार्वजनिक हिताच्या कामांना तेवढी न्यायालयाच्या परवानगीने वाट ठेवली. त्या वाटेने डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार झाडं तोडायला परवानगी मिळाली. बदल्यात रोपं लावतात, ती लावायलाच हवीत. पण रोपाबरोबर मीटरभर जुना गाळ लावता येत नाही. गाळ खणून उघडा टाकला की त्याला हवा लागते आणि पिढ्यान्‌पिढ्या साठलेला कार्बन वायू होऊन निघून जाऊ लागतो. भरपाईच्या कागदांवर झाडांची संख्या असते. मला तिथे हेक्टरी टनांत गाळाचा कार्बनही हवा आहे. म्हणून अहवालात झाडांचा आणि गाळाचा असे दोन रकाने मी वेगळेच ठेवते. एकाच बेरजेत ते मिसळायला माझी तयारी नाही.